शालेय तंटानिवारण शिक्षण

विद्यार्थ्यांमधील भांडणे मारामारी, धाक किंवा शिक्षा यांच्याऐवजी संवादाने सोडवण्याची क्षमता घडवणारी शिक्षणपद्धती. आपले म्हणणे न दुखावता पण स्पष्ट मांडणे, दुसऱ्याचे पुरते ऐकणे, त्याच्या जागी उभे राहून पाहणे आणि दोघांना मान्य होईल असा मार्ग काढणे ही तिची चार मुख्य कौशल्ये होत. सौम्य संवाद आणि भूमिकापालन ही या शिक्षणाची दोन प्रमुख साधने. भांडण न होणे हे त्याचे उद्दिष्ट नाही. भांडण झाल्यावर कोणाचाही मान न जाता त्यातून बाहेर पडता येणे हे आहे.

संकल्पना. दोघांच्या गरजा, इच्छा किंवा समजुती एकमेकींच्या आड आल्या की तंटा उभा राहतो. बाकावरची जागा, मधल्या सुटीतील खेळाचा डाव, न विचारता नेलेली वही, चिडवण्याचे नाव ही शाळेतील नेहमीची कारणे. तंटा आणि हिंसा एक नव्हेत. तंटा अटळ असतो, हिंसा ही त्याला उत्तर देण्याची केवळ एक रीत असते. छळ हा प्रकार आणखी वेगळा मानला जातो. त्यात एका बाजूचे बळ जास्त असते आणि त्रास वारंवार व जाणूनबुजून दिला जातो. दोन बरोबरीच्या मुलांमधील तंट्याला लागू पडणारी समेटाची रीत छळाला लागू पडत नाही. हा भेद शिक्षकाने पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो.

पूर्वपीठिका. मराठी मुलखात तंटे बसून मिटवण्याची परंपरा जुनी आहे. शिवकाळात व पेशवाईत गावचे वतनदार आणि बलुतेदार गोतसभेत एकत्र बसत, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकत आणि निर्णयाचा महजर लिहून देत. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत हाच विचार नव्या रूपात आला. मुलांच्या जगातही कट्टी-बट्टीचा विधी आहे. करंगळी दाखवून अबोला जाहीर होतो आणि बोटे जुळवून संपतो. मात्र या विधीत भांडणाचे कारण बोलले जात नाही, त्यामुळे तेच भांडण पुन्हा उभे राहते. हे कारण बोलायला शिकवणे हेच तंटानिवारण शिक्षणाचे काम.

आधुनिक पद्धतीची मुळे अनेक देशांत सापडतात. व्हिएन्नात काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९२० च्या दशकात अभिनयाचा उपयोग माणसांमधील नाती समजून घेण्यासाठी केला. अमेरिकेत फॅनी व जॉर्ज शाफ्टेल या दांपत्याने सामाजिक मूल्यांच्या शिक्षणासाठी भूमिकापालनाची वर्गात वापरता येईल अशी पद्धत बसवली आणि १९६७ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. पुढे अध्यापक शिक्षणात ती भूमिकापालन प्रतिमान म्हणून रुळली. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांच्या संवादी रंगभूमीत प्रेक्षक उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंगाला वेगळे वळण देऊन पाहतो. भारतात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या बंगालमधील जन संस्कृती या संस्थेने हा नाट्यप्रकार खेड्यांत नेला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी नाट्यातून समाजशिक्षण साधण्याचे काम महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी केले होते.

सौम्य संवाद. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी अहिंसक संवादाची चार अंगे सांगितली : जे घडले ते शेरा न मारता सांगणे, त्याने मनात काय आले ते सांगणे, त्यामागची गरज सांगणे आणि नेमकी विनंती करणे. लहान मुलांना समजावताना ते हातात जिराफ व कोल्हा यांच्या बाहुल्या घेत. उंच मान आणि मोठे हृदय असलेला जिराफ समजुतीची भाषा बोलतो, तर कोल्हा दोषारोपाची. थॉमस गॉर्डन यांनी ‘तू असा आहेस’ या वाक्याच्या जागी ‘मला असे झाले’ हे वाक्य ठेवण्याचा आग्रह धरला होता. त्याला मी-विधान म्हणतात.

वर्गात हे असे शिकवले जाते. ‘तू नेहमी माझी वही पळवतोस, चोर आहेस’ या वाक्यात एका प्रसंगावरून माणसावर शिक्का बसतो आणि समोरचा लगेच स्वतःचा बचाव करू लागतो. त्याऐवजी ‘काल माझी वही न विचारता नेलीस. मला गृहपाठ करता आला नाही, सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं. पुढच्या वेळी मला सांगून ने की’ असे म्हटले तर तक्रार तेवढीच ठाम राहते, पण ऐकणाऱ्याला सुधारायला वाट मिळते. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुम्ही लोक’ हे शब्द ओळखून बाजूला ठेवणे हा या सरावातील उपयुक्त भाग आहे. सौम्य म्हणजे गुळमुळीत नव्हे. तक्रार गिळायला लावणारी गोड भाषा ही या शिक्षणाच्या विरुद्ध आहे.

ऐकण्याचाही सराव घ्यावा लागतो. दुसऱ्याचे बोलणे संपल्यावर ते आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि ‘बरोबर समजलं ना?’ असे विचारायचे. समोरचा ‘हो’ म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. एवढ्या एका नियमाने भांडणाचा वेग उतरतो.

भूमिकापालनाची पद्धत. पाठ्यपुस्तकातील संवाद पाठ करून सादर करणे हे नाट्यीकरण. भूमिकापालनात संवाद लिहिलेले नसतात. प्रसंग दिलेला असतो आणि त्याचा शेवट मुलांनी शोधायचा असतो. शाफ्टेल यांच्या पद्धतीत नऊ पायऱ्या आहेत : वर्गाचे मन विषयाकडे वळवणे, पात्रे निवडणे, प्रसंगाची जागा ठरवणे, निरीक्षकांना काम वाटून देणे, सादरीकरण, चर्चा, पुन्हा सादरीकरण, पुन्हा चर्चा आणि शेवटी प्रत्येकाच्या अनुभवाशी सांधा जोडणे. यांतील पुन्हा सादरीकरण ही पायरी वेळेअभावी गाळली जाते, पण खरे शिक्षण तिथेच होते. पहिल्या वेळी मुले सवयीने भांडतात. चर्चेनंतर तोच प्रसंग करताना त्यांना वेगळे शब्द शोधावे लागतात.

भूमिकांची अदलाबदल हे पद्धतीचे मर्म. वही नेणाऱ्याने वही गमावणाऱ्याची भूमिका करायची, संघातून वगळलेल्या मुलीने कप्तानाची. प्रसंग दोन ते पाच मिनिटांचा असावा. आवाज चढला की शिक्षकाने ‘थांबा’ म्हणून प्रेक्षकांना विचारावे, ‘आता तो काय म्हणू शकेल?’ पात्रांची नावे काल्पनिक असावीत. सादरीकरण संपल्यावर मुलांनी आपले खरे नाव मोठ्याने सांगून भूमिका उतरवावी, म्हणजे नाटकातील राग सुटीत मैदानावर जात नाही.

सहाध्यायी मध्यस्थी. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी मुलांनाच शांतिदूत बनवणारा अभ्यासक्रम विकसित केला. त्यात वाटाघाटीच्या सहा पायऱ्या आहेत : मला काय हवे ते सांगणे, मला कसे वाटते ते सांगणे, दोन्हींची कारणे देणे, दुसऱ्याची बाजू त्याच्या शब्दांत मांडणे, किमान तीन पर्याय शोधणे आणि त्यांतील एक निवडून हात मिळवणे. दोघांना हे जमले नाही तर वर्गातील मध्यस्थ मदत करतो. मध्यस्थपद पाळीपाळीने सर्वांना दिले जाते. फक्त हुशार किंवा ‘शहाण्या’ मुलांना ते दिले तर ती मॉनिटरगिरी होते. मध्यस्थ निवाडा देत नाही, कोण चूक हे ठरवत नाही. तो फक्त बोलण्याची पाळी सांभाळतो.

भारतातील धोरण व उपक्रम. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या अनुषंगाने एनसीईआरटीने शांततेसाठी शिक्षण या विषयावर स्वतंत्र आधारपत्र २००६ मध्ये प्रसिद्ध केले. शांतता हा वेगळा तास नसून सर्व विषयांत व शाळेच्या रोजच्या वागण्यात झिरपणारी दृष्टी असावी, ही त्याची भूमिका आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. छडी गेल्यावर तिच्या जागी काय, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून तंटानिवारण शिक्षणाकडे पाहता येते.

महाराष्ट्रात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील शाळांत मूल्यवर्धन कार्यक्रम सुरू केला. संविधानातील मूल्ये जोडीकाम, गटचर्चा व कृतींतून रुजवणारा हा कार्यक्रम पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने इतर जिल्ह्यांत गेला. मुंबईत महापालिकेच्या शाळांमध्ये इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून २००८ पासून जेम्स हा लिंगभाव समतेचा उपक्रम राबवला. बारा ते चौदा वयोगटातील मुलामुलींनी खेळ, वादविवाद आणि भूमिकापालन यांतून घरातली कामे, छेडछाड आणि मारहाण या प्रश्नांवर चर्चा केली. त्यांच्या दृष्टिकोनात समतेकडे झुकणारा बदल दिसला. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर मुलांची मक्कळ ग्रामसभा भरते. तिथे मुले शाळा, पाणी, रस्ता यांविषयीच्या तक्रारी थेट पंचायतीपुढे मांडतात. मोठ्यांशी मतभेद शांतपणे व ठामपणे मांडण्याचा तो सार्वजनिक सराव आहे.

वडगाव व निपाणी परिसर. वडगाव हे कर्नाटकातील बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील उपनगर शहापूर व खासबागप्रमाणे विणकरांसाठी ओळखले जाते. आषाढातील मंगाई देवीची यात्रा हा इथला मोठा उत्सव. मराठी, कन्नड व उर्दू बोलणारी घरे इथे एकमेकांच्या शेजारी आहेत आणि मुलांच्या शाळा माध्यमांनुसार वेगळ्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. मोठ्यांच्या जगातील या वादाचे शब्द मुलांच्या भांडणात सहज येतात. चेंडूवरून सुरू झालेली कुरबुर ‘तुम्ही लोक’वर पोचायला वेळ लागत नाही. म्हणून या परिसरात भाषा बदलून भूमिका करण्याचा सराव विशेष मोलाचा ठरतो. मराठी माध्यमाच्या मुलाने तक्रार कन्नडमध्ये मांडायची आणि कन्नड माध्यमाच्या मुलाने मराठीत. शब्द अडखळतात, तेव्हा समोरचा शब्द पुरवतो आणि भांडणारे दोघे मदतीला लागतात. भारतीय भाषांनी एकमेकींना जाणून घ्यावे, हे साने गुरुजींच्या आंतरभारतीचे स्वप्न गल्लीतल्या खेळात उतरवण्याची ही संधी आहे. स्वभाषेचा हक्क सोडायला न लावता शेजाऱ्याच्या भाषेचा मान राखता येतो, हे मुलांना इथे अनुभवाने कळू शकते.

स्थानिक इतिहासही भूमिकापालनाला विषय पुरवतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला भरलेले काँग्रेस अधिवेशन हे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील एकमेव अधिवेशन. कायदेमंडळात जावे की बहिष्कार चालू ठेवावा, यावरून गांधीजी एका बाजूला आणि चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू दुसऱ्या बाजूला, असे मतभेद होते. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यात झालेल्या कराराला या अधिवेशनाने मान्यता दिली. परदेशी कापडाचा बहिष्कार वगळता असहकार स्थगित झाला, दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षाला कायदेमंडळात काँग्रेसच्या वतीने काम करता आले आणि सभासदत्वासाठी सूत देण्याची अट आली. दोन्ही बाजूंनी काय सोडले आणि काय राखले, हे विणकरांच्या वस्तीतील मुलांना उभे राहून बोलून समजून घेता येईल.

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे तंबाखू आणि विडी उद्योगाचे केंद्र आहे. तिथे १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. शेतकरी, व्यापारी आणि विडी वळणारी कामगार स्त्री या तीन भूमिका दिल्या तर प्रत्येकाची मागणी आणि तिच्या मागची गरज यांतला फरक मुलांना स्पष्ट दिसतो. यांतली काही माणसे त्यांच्या घरातलीच असतात.

मर्यादा व दक्षता. अन्याय मिटवण्यासाठी समेट वापरणे ही या शिक्षणाची सर्वांत गंभीर चूक. जातीवरून केलेला अपमान, मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचार यांत दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ म्हणणे म्हणजे पीडिताला पुन्हा दुखावणे होय. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायदा २०१२ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. जातीय अत्याचारासाठी १९८९ चा प्रतिबंधक कायदा आहे. ज्याला प्रत्यक्ष त्रास झाला आहे त्याला त्याचाच प्रसंग वर्गासमोर करायला लावू नये. माफी सक्तीने मागवू नये.

दुसरी मर्यादा शिक्षकाच्या वागण्याची. वर्गात मी-विधान शिकवून वऱ्हांड्यात ओरडणाऱ्या शिक्षकाकडून मुले ओरडणेच शिकतात. एखाद्या कार्यशाळेने सवय लागत नाही. आठवड्यातून एक ठरलेली वेळ आणि खरे भांडण झाल्यावर त्याच पायऱ्यांचा वापर, दोन्ही हवे.

परिणाम. तंटानिवारणाची कौशल्येही ज्यात येतात अशा सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास जोसेफ डरलॅक व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांच्या या माहितीत वर्तन व परस्परसंबंध सुधारल्याचे आणि अभ्यासातील संपादणूक सरासरी ११ शतमकांनी वाढल्याचे आढळले. म्हणजे संवादाला दिलेला वेळ अभ्यासाच्या वेळेतून वजा होत नाही. सीमाभागातील शाळेला यापलीकडचे एक कारण आहे. इथली मुले उद्या एकाच बाजारात, एकाच कारखान्यात आणि एकाच महापालिकेत मतभेदांसह एकत्र काम करणार आहेत. ते मतभेद कोणत्या शब्दांत मांडायचे, याचा सराव त्यांना शाळेतच मिळायला हवा.