बाहाचं वाळवंट आणि ‘बिग ओली’

आज जाऊया मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात. १९६७ मध्ये तिथे तिहुआना ते ला पाझ शर्यत सुरू झाली. पार्नेली जोन्स हा १९६३ चा इंडियानापोलिस ५०० विजेता, पण इथे शोरूमची गाडी टिकेना. मग त्याच्यासाठी ‘बिग ओली’ घडवली: वरून फोर्ड ब्रॉन्को, आत नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा.

अशा कामात खरी मेख कुठे असते? खड्ड्यात चाक वरखाली होतं. तेव्हा स्टीअरिंगचा दांडा आणि सस्पेन्शन वेगवेगळ्या कमानीत फिरले, तर गाडी आपोआप वळते. हाच बम्प स्टीअर. म्हणून दोन्हींचे सांधे जुळवूनच वेल्ड मारायचं.

बिल स्ट्रॉपला शेजारी बसवून जोन्सने १९७१ आणि १९७२, दोन्ही वर्षं बाहा जिंकली. मी चुकलेला कोड मागे घेतो हो, पण वाळवंटात तुटलेलं वेल्डिंग कोण मागे घेणार?