हबीबगंज : जीर्णोद्धार आणि स्मरण

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठी मनाला फार जवळचा आहे. जे जुने झाले, मोडकळीस आले, ते टाकून न देता पुन्हा उभे करावयाचे आणि नव्या पिढीच्या हाती सोपवावयाचे, असा त्याचा आशय. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार प्रथम मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने केला, असे सांगताना आपली परंपरा दोन्ही नावे घेते. नंतरच्याच्या गौरवासाठी आधीच्याला विसरावे लागत नाही. जुन्याला नवे रूप देण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. भोपाळच्या हबीबगंज स्थानकाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

मराठी वाचकाला भोपाळ प्रथम भेटते ते इतिहासाच्या पुस्तकात. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला याच शहराच्या परिसरात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहासराईचा तह झाला. मराठी माणसाचा या शहराशी खरा घरोबा जडला तो मात्र दोन शतकांहून अधिक काळाने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला. नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबांनी आपले बिऱ्हाड भोपाळला हलविले. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी मंडळीही आली. तलावांच्या काठचे, नवाबी वळणाचे हे शहर पाहता पाहता राजधानीचे शहर झाले.

रेल्वे येथे त्यापूर्वीच पोचली होती. शाहजहान बेगम यांच्या कारकिर्दीत, १८८० च्या दशकात, इटारसीकडून येणारा लोहमार्ग भोपाळपर्यंत आला आणि त्या कामी संस्थानाने आपले द्रव्य घातले. मुख्य स्थानकाच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरांवर हबीबगंज. नवाब घराण्यातील हबीबमियाँ यांनी जमीन दिली म्हणून हे नाव पडले, असे भोपाळात सांगितले जाते. राजधानी झाल्यावर शहर याच दिशेने वाढले. भारी विद्युत उपकरणांचा सरकारी कारखाना आला, त्याची वसाहत आली, अरेरा कॉलनीसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. एकेकाळी शहराबाहेर असलेले लहानसे स्थानक नव्या भोपाळचे प्रवेशद्वार बनले. दिल्लीला रात्री निघणारी 'भोपाळ एक्स्प्रेस' येथूनच सुटू लागली.

वाढत्या वर्दळीला जुनी वास्तू अपुरी पडू लागली, हे मान्य केलेच पाहिजे. जड सामान घेऊन पूल चढणारी वृद्ध माणसे, अरुंद वाटा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या उतारूंची एकाच दारात होणारी गर्दी, हे जुन्या स्थानकांचे नेहमीचे दुखणे होय. सरकार आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतून स्थानकाचा पुनर्विकास करण्याच्या देशातील पहिल्या प्रयोगासाठी हबीबगंजची निवड झाली. २०१६-१७ मध्ये हे काम हाती घेण्यात आले. रुळांवर प्रशस्त प्रतीक्षालय, सरकते जिने, उद्वाहने, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग, अशी विमानतळाच्या धर्तीवर मांडणी करण्यात आली. खर्चाचा भार उचलणाऱ्या कंपनीला स्थानकालगतची जागा व्यापारी वापरासाठी दीर्घ मुदतीने देण्याचे ठरले. सोयीबरोबर तिचे मोलही आले. २०१८ साली वाहनतळाचे दर वाढले तेव्हा नागरिकांनी उघड नाराजी दर्शविली. आधुनिक सोय ज्याच्यासाठी करावयाची, त्याच्या खिशाचाही विचार करावा लागतो, एवढा धडा त्यातून मिळाला.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्या स्थानकाचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास नावही बदलले आणि हबीबगंजचे 'राणी कमलापती स्थानक' झाले. तिकिटावरील 'एच.बी.जे.' ही अक्षरे जाऊन 'आर.के.एम.पी.' ही आली. कमलापती ही अठराव्या शतकाच्या प्रारंभीची गिन्नौरगडची गोंड राणी. भोपाळ संस्थानचा संस्थापक दोस्त मोहम्मद खान याच्या उदयाआधी या प्रदेशावर गोंडांची सत्ता होती. मोठ्या तलावाच्या काठी राणीचा महाल आजही उभा आहे. राजघराण्यांच्या बखरींत गोंडांना सहसा दुय्यम स्थान मिळाले. त्या दृष्टीने राणीचे स्मरण उचितच म्हणावे लागेल. परंतु एका विस्मृतीची भरपाई दुसऱ्या विस्मृतीने होत नाही. राणीने या भूमीवर राज्य केले आणि हबीबमियाँनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, तिचा एक तुकडा लोकांच्या सोयीसाठी दिला. या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर सुखाने नांदू शकतात.

जुन्याला नवे करण्याच्या आणखीही वाटा आहेत. भोपाळातच सुलतानजहान बेगम यांच्या काळात, १९०९ मध्ये, मिंटो हॉलची पायाभरणी झाली. १९५६ पासून चाळीस वर्षे तेथे राज्याची विधानसभा भरली. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या नव्या विधानभवनात सभागृह गेले. पुढे जुन्या वास्तूचे सभा-संमेलनांचे केंद्र करण्यात आले. तेथे भिंती राहिल्या, उपयोग बदलला. २०२१ मध्ये नावही बदलले आणि मूळचे धारचे असलेले कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव तिला मिळाले. मुंबईत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी उभारलेले, १८८८ साली पूर्ण झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले. वास्तू आणि उपयोग कायम राहिले. २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला, तो तेव्हाच्या, म्हणजे नव्या नावाने. घुमट, कमानी आणि दगडातील मोर पाहणाऱ्याला मात्र तिचा काळ आपोआप कळतो. हबीबगंजला हा आधार नाही. तेथे वास्तूही गेली आणि नावही गेले. जेथे दगड बोलत नाहीत, तेथे लेखाने बोलावे लागते.

मराठी ग्रंथालयांना हा प्रश्न नवा नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ साली 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झाले. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिरही १८५० मध्ये 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणूनच जन्मले. काळ बदलला तशी इंग्रजी नावे गळाली, मराठी नावे आली. बंद कपाटांच्या जागी मुक्तद्वार पद्धत आली, पत्रकांच्या पेट्यांची जागा संगणकाने घेतली. तरीही या संस्था आपले वय पहिल्या दिवसापासून मोजतात. नाव नवे, पण जन्मसाल जुनेच. ही लहानशी प्रामाणिकता संस्थेला अखंड ठेवते. दाखलनोंदवहीत ज्याने पुस्तक दिले त्याचे नाव राहते. पुस्तकाची बांधणी दहा वेळा बदलली तरी ती नोंद खोडली जात नाही.

शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या सभासदांना आणि आश्रयदात्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको. देणगी देणारा केवळ पैसा किंवा जमीन देत नाही. पुढील पिढ्या आपली नोंद ठेवतील, हा विश्वासही तो देत असतो. सोयी बदलाव्यात, इमारती बदलाव्यात, प्रसंगी नावेही बदलावीत. आधीच्याची नोंद मात्र खोडू नये. हबीबगंज नाक्यावर उतरणारा भोपाळकर आजही वस्तीला तिच्या जुन्याच नावाने हाक मारतो. राणीच्या नावाने उभ्या असलेल्या स्थानकात त्या जुन्या नावाची एक ओळ ठळकपणे वाचावयास मिळाली, तर जुन्याचे नवे करण्याचे ते काम खऱ्या अर्थाने जीर्णोद्धार या शब्दास पात्र ठरेल.