खैरात, हक्क आणि दहा डॉलरचा वकील

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या ओसरीवर एक निवृत्त जवान झोपायचे. सगळे त्यांना फौजी चाचा म्हणत. रमजानमध्ये त्यांच्यासाठी इफ्तारीचे ताट वेगळे काढले जाई, थंडीत कुणी रजई आणून दिली. आपण त्यांची काळजी घेतो आहोत, असे आम्हा सर्वांना मनापासून वाटत होते.

एकदा असरच्या नमाजनंतर त्यांनी मला बाजूला घेतले. "मास्टरसाब, जरा ये पढके बताओ." घड्या पडून मऊ झालेला तो कागद म्हणजे भाड्याच्या खोलीच्या दाव्यातील न्यायालयाची नोटीस होती. आजारपणात ते लेकीकडे गेले असताना ती आली, शेजाऱ्याने जपून ठेवली. ते परतले तेव्हा खोलीला दुसऱ्याचे कुलूप होते. ते हजर नव्हते म्हणून निकाल एकतर्फी लागला होता आणि हजर राहण्याची तारीख उलटून सात महिने झाले होते. मी कागद वाचून दाखवला, अर्थ सांगितला आणि परत त्यांच्या हातात ठेवला. पुढे काय करायचे, हे मला सुचले नाही. त्या उन्हाळ्यात ते गाव सोडून गेले.

ती रुखरुख घेऊन मी वाचू लागलो. लढून आलेला माणूस रस्त्यावर येतो तेव्हा त्याला अन्न देणारे भेटतात. त्याचा कागद हातात घेणारे किती भेटतात? हे शोधताना मी अमेरिकेच्या इतिहासापर्यंत पोचलो.

तिथल्या यादवी युद्धात लाखो माणसे मेली किंवा अपंग झाली. जखमींना आणि विधवांना पेन्शन मिळवून देतो म्हणून दलाल पुढे आले आणि पेन्शनचा मोठा वाटा स्वतःच खाऊ लागले. त्यांना आळा घालण्यासाठी १८६४ मध्ये संसदेने दाव्यामागे वकिलाची फी जास्तीत जास्त दहा डॉलर ठरवली. हेतू चांगला होता आणि त्या काळात ती रक्कमही लहान नव्हती.

पण काळ बदलला, रक्कम बदलली नाही. पहिले महायुद्ध झाले, दुसरे झाले, कोरिया आणि व्हिएतनाम झाले. मर्यादा दहा डॉलरच राहिली. दहा डॉलरमध्ये कोणता वकील महिनोन् महिने फायली वाचणार? सैनिक संघटनांचे कार्यकर्ते विनामूल्य मदत करत, पण गुंतागुंतीच्या दाव्यात वकील मिळणे दुरापास्त झाले. शिवाय लाभ नाकारणाऱ्या खात्याच्या निर्णयाविरुद्ध सर्वसाधारणपणे न्यायालयात दादही मागता येत नव्हती. १९८५ मध्ये फीच्या मर्यादेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि न्यायालयाने ती वैध ठरवली. सैनिकाला लुटारूंपासून वाचवायला बांधलेली भिंत आता त्यालाच वकिलापासून दूर ठेवत होती. अखेर १९८८ च्या कायद्याने हे चित्र पालटले. सैनिकांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र अपील न्यायालय स्थापन झाले आणि दहा डॉलरची मर्यादा गेली.

त्याच १९८८ मध्ये, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात आणखी एक गोष्ट घडली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या एका संघटनेने बेघर माजी सैनिकांसाठी तीन दिवसांचा तळ उभारला. त्याला नाव दिले 'स्टँड डाउन'. लढाईतून मागे आलेल्या तुकडीला सुरक्षित जागी विश्रांतीसाठी नेत, त्याला सैन्यात हा शब्द होता. तळावर तंबू, जेवण, आंघोळ, कपडे, डॉक्टर, सगळे होते. शेवटी सुमारे ५०० जणांना विचारले, तुमची सर्वात मोठी गरज कोणती? त्यातील ११६ जणांचे उत्तर होते, माझ्यावरचे वॉरंट मिटवा.

हे उत्तर वाचून मी थबकलो. मग त्यामागचे चक्र समजले. फुटपाथवर झोपला म्हणून दंड, तिकीट नाही म्हणून दंड. दंड भरायला पैसे नाहीत, तारखेला जायला धीर नाही, कारण गेले की बेड्या पडतील ही भीती. गैरहजर राहिला की वॉरंट निघते. नावावर वॉरंट असले की परवाना, नोकरी, भाड्याची खोली, सगळेच अवघड. म्हणजे पुन्हा फुटपाथ आणि पुन्हा दंड.

सरकारी बचाव वकील स्टीव्ह बाइंडर यांनी यावर साधा उपाय सुचवला. माणूस न्यायालयात येत नसेल तर न्यायालयाने त्याच्याकडे जावे. १९८९ च्या तळावर न्यायाधीश, सरकारी वकील आणि बचाव वकील येऊन बसले. पुढे हे 'बेघरांचे न्यायालय' वर्षातून एकदाच न भरता निवारागृहांतही नियमित भरू लागले. पद्धत अशी की, किरकोळ गुन्ह्यांची प्रकरणे असलेला माणूस आपणहून नाव नोंदवतो. व्यसनमुक्ती, शिक्षण, कामाचा शोध यांपैकी जे त्याने निवारागृहात आधीच केले, त्याचे पत्र तो आणतो आणि तेच त्याची शिक्षा म्हणून धरले जाते. तुरुंगाची भीती नसते. ही कल्पना नंतर इतर अनेक शहरांनी उचलली.

मी वर्गात मुलांना सांगतो की मराठीतले वकील, हक्क, अर्ज, दावा हे शब्द आपल्या उर्दूच्या पुस्तकातही आहेत. दोन्हीकडे ते अरबीतून आले. वकील म्हणजे ज्याच्यावर आपले काम विश्वासाने सोपवावे तो. अल्लाहच्या नावांपैकीही एक 'अल-वकील' आहे. आणि खैरात वेगळी, हक्क वेगळा, हेही मी शिकवतो. ओसरीवर मात्र मी खैरातीपाशीच थांबलो होतो.

आपल्याकडेही दार नाही असे नाही. घटनेच्या ३९-अ कलमाने मोफत कायदेशीर मदतीचे तत्त्व दिले. १९८७ च्या कायद्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती असतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याला त्यांच्याकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, 'नालसा'ने जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर मदत मिळावी, हा तिचा गाभा आहे. म्हणजे इथेही वकिलाने माणसाकडे जायचे आहे.

एकतर्फी निकाल रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो आणि उशिराचे सबळ कारण दिले तर न्यायालय विलंब माफही करू शकते, हे मला फार उशिरा कळले. फौजी चाचांकडे कारण होते; त्यांना फक्त ते मांडणारा कुणीतरी हवा होता.

आता तालुका समितीचा पत्ता मी मशिदीच्या सूचनाफलकावर, नमाजच्या वेळांच्या शेजारी, लावून ठेवला आहे. पुन्हा कुणी कागद पुढे केला तर वाचून परत देणार नाही. त्याच्यासोबत तिथवर चालत जाईन.