पिंग का वाढतो? राउटरमधील एका अदृश्य रांगेचा इतिहास

१/ रात्रीची वेळ. घरातील एकजण ऑनलाइन सामना खेळत आहे. पिंग ४० मिलिसेकंद. तेवढ्यात शेजारच्या खोलीतील फोनवरून छायाचित्रे क्लाउडवर चढू लागतात आणि पिंग ६०० वर जातो. नेम अचूक असूनही गोळी लागत नाही आणि घरात वाद पेटतो : ‘नेट कोण खातंय?’ मग अधिक वेगाचा, अधिक महाग प्लॅन घेतला जातो. वाद मात्र संपत नाही. यातील खरा दोषी ओळखायला संगणकशास्त्राला जवळपास पाव शतक लागले. त्या शोधाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रथम शब्दाविषयी. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी नेटवर्कमधील बिघाड शोधण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या सोनारच्या ध्वनीवरून त्यांनी त्याला ‘पिंग’ हे नाव दिले. हाक द्यायची आणि प्रतिसाद किती वेळात येतो ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. एका सेकंदात किती माहिती वाहते, हे ‘स्पीड’ सांगतो. एक पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, हे पिंग सांगतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३/ या वेळेचा काही भाग निसर्गानेच ठरवलेला आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. हा वेळ कोणताही प्लॅन कमी करू शकत नाही. परंतु ४० चे ६०० होतात, तेव्हा सिंगापूर काही दूर गेलेले नसते. ती वाढ अन्यत्र होते.

४/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचे. त्यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अचानक ४० बिटांवर कोसळला. प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि त्यामुळेच वाट अधिक तुंबत होती.

५/ व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याचे सूत्र साधे होते : पॅकेट गळाले की वाट भरली आहे असे समजावे आणि आपला वेग कमी करावा. इंटरनेट सावरले. मात्र या व्यवस्थेत एक अट दडलेली होती. वाट भरली की पॅकेट वेळेवर गळाले पाहिजे; अन्यथा पाठवणाऱ्याला काही कळणारच नाही.

६/ पुढे स्मृती स्वस्त झाली. पॅकेट गळणे म्हणजे दोष, या समजुतीने मोडेम आणि राउटरमध्ये मोठमोठे बफर बसवले गेले. हिशेब करून पाहा. अपलोड सेकंदाला १ मेगाबिट आणि बफर २५६ किलोबाइटचा असेल, तर भरलेली रांग रिकामी व्हायला सुमारे २ सेकंद लागतात. छायाचित्रांना त्याचे काही वाटत नाही. खेळातील चिमुकले पॅकेट मात्र त्याच रांगेच्या शेवटी उभे राहते. नुसती स्मृती वाढवून गर्दी सुटत नाही, हे जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच आरएफसी ९७० या टिपणात दाखवले होते. प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी ठेवून पाळीपाळीने पॅकेट सोडावीत, असे त्यांनी सुचवले होते.

७/ खेळाडूंना याची झळ लवकर बसली. १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला. मोडेमवरून तो खेळणे कठीण होते. त्याच वर्षाअखेरीस जॉन कारमॅक यांनी ‘क्वेकवर्ल्ड’ आणला. त्यात खेळाडूची हालचाल सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता त्याच्याच पडद्यावर आधी दाखवली जाई. युक्ती आजही वापरात आहे. पण ती विलंब झाकते, मिटवत नाही.

८/ २०१० मध्ये जिम गेटिस यांना स्वतःच्या घरातच हा दोष सापडला. मोठी फाइल पाठवताना त्यांच्या जोडणीवरील विलंब एका सेकंदावर जाई. पाठवणे थांबले की पूर्ववत होई. या विकाराला त्यांनी ‘बफरब्लोट’ म्हटले : बफरला आलेली सूज.

९/ २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते. सुमारे १०० मिलिसेकंदांच्या काळात हे थांबणे ५ मिलिसेकंदांच्या खाली येतच नसेल, तर ती पॅकेट गाळू लागते. तिला नेगल यांच्या वेगळ्या रांगांची जोड मिळून ‘एफक्यू-कोडेल’ तयार झाली. २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून ती नोंदवली गेली.

१०/ आता आपल्या घराकडे. नेट मोकळे असताना पिंग मोजा. मग मोठी फाइल अपलोड करत पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळीच वाढला, तर दोष रांगेचा. मोकळ्या नेटवरही वाय-फायवर जास्त आणि केबलवर कमी असेल, तर दोष वाय-फायचा, केबल जोडा. दोन्हीकडे जास्त असेल, तर सर्व्हर दूर आहे किंवा अडचण घराबाहेर आहे.

११/ रांगेवर उपाय : राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ असेल तर ते सुरू करा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. त्यामुळे रांग मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत ही सोय मिळते. ती नसेल, तर बॅकअपच्या अपलोडला मर्यादा घाला किंवा त्याची वेळ मध्यरात्रीची ठेवा.

१२/ छायाचित्रे पाठवणाऱ्याचा यात अपराध नव्हता आणि खेळणाऱ्याची तक्रारही खोटी नव्हती. दोघांना एकाच रांगेत उभे केले गेले होते, एवढेच. पुढच्या वेळी प्लॅन बदलण्याआधी ती रांग मोजून पाहा.