सावेडीच्या गच्चीवरून लघुग्रहवेध : दुर्बीण कोणती घ्यावी?

पृथ्वीच्या जवळून एखादा लघुग्रह जाणार अशी बातमी आली, की दुर्बीण घेण्याचा विचार अनेक घरांत डोकावतो. मात्र, घाईने घेतलेली दुर्बीण बहुधा महिन्याभरात माळ्यावर जाते. दोष आकाशाचा नसतो, निवडीचा असतो.

सूर्याभोवती फिरताना त्याच्यापासून १.३ खगोलीय एककांच्या आत येणाऱ्या लघुग्रहांना पृथ्वीसमीप लघुग्रह म्हटले जाते. अशा ४० हजारांहून अधिक लघुग्रहांची आजवर नोंद झाली आहे. हौशी निरीक्षकाच्या साधनांना दिसू शकतील असे त्यांतील मोजकेच. १६ ऑगस्ट २०२० रोजी हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीने गेलेला '२०२० क्यूजी' हा मोटारीएवढा लघुग्रह मुंबई आयआयटीचे विद्यार्थी कुणाल देशमुख आणि कृती शर्मा यांनी शोधला, तोही अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या प्रतिमांवरून आणि तो निघून गेल्यावर काही तासांनी. गच्चीवरच्या दुर्बिणीने असा शोध लागेल, ही अपेक्षा प्रारंभीच बाजूला ठेवलेली बरी. ज्याचा मार्ग ठाऊक आहे, तो लघुग्रह स्वतःच्या डोळ्यांनी टिपणे हे नवख्याचे उद्दिष्ट असू शकते, आणि ते साध्य होण्याजोगे आहे.

खरेदीत सर्वाधिक फसवणूक होते ती वर्धनशक्तीच्या आकड्याने. खोक्यावर '५२५ पट' असे ठळक छापलेले असते आणि आत ६० मिलिमीटरचे वस्तुभिंग असते. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याच्या दुप्पट, हीच उपयुक्त वर्धनाची ढोबळ मर्यादा. म्हणजे या दुर्बिणीत १२० पटींपुढे दिसतो तो केवळ धूसरपणा. शिवाय, लघुग्रह कितीही मोठा करून पाहिला तरी ताऱ्यासारखा ठिपकाच राहतो. तो ओळखायचा शेजारच्या ताऱ्यांमधून सरकताना. त्यासाठी लागतो प्रकाश आणि आकाशाचा रुंद तुकडा. व्यास दुप्पट झाला, की गोळा होणारा प्रकाश चौपट होतो. पैसे मोजायचे ते व्यासासाठी.

पहिले साधन म्हणून १० बाय ५० ची द्विनेत्री उत्तम. तिला तिपाई मात्र हवीच. हात थरथरला की मंद ठिपका हरवतो. अंधाऱ्या जागी तिच्यातून नवव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) १ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे ७० लाख किलोमीटरवरून गेलेला फ्लॉरेन्स साधारण याच तेजाचा होता. १६ फेब्रुवारी २०१३ च्या मध्यरात्रीनंतर पृथ्वीपासून २७,७०० किलोमीटरवरून गेलेला '२०१२ डीए१४' सातव्या प्रतीच्या आसपास पोहोचला. पण त्याचा वेग मिनिटाला चंद्रबिंबाच्या व्यासाहून अधिक होता. अशा वेळी द्विनेत्रीचे रुंद क्षेत्रच कामी येते.

छंद टिकला तर सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर आरशाची डॉबसोनियन दुर्बीण घ्यावी. साध्या लाकडी बैठकीवर ती हाताने फिरते, त्यामुळे पैसा यंत्रणेऐवजी आरशावर खर्च होतो. चांगल्या आकाशात ती तेराव्या प्रतीच्या आसपास पोहोचते. विषुववृत्तीय बैठक मागोवा घेण्यास सोयीची. पण तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि नगरच्या आकाशात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो. सावेडीत उत्तरेला शेजारची इमारत उभी असेल, तर तो दिसणेच मुश्कील. संगणकीय दुर्बीण घेताना तिच्यात ताज्या लघुग्रहांची कक्षा भरता येते का, हे विचारून घ्यावे. अलीकडच्या छोट्या 'स्मार्ट' दुर्बिणी प्रतिमांवर प्रतिमा रचून मोबाईलवर चित्र देतात, शहरी उजेडातही देतात. डोळा लावून पाहण्याचा आनंद मात्र त्यात नाही.

स्वतः दुर्बीण घडविण्याचा मार्गही आहे. पुण्यातील 'आयुका'ने हौशी मंडळींसाठी दुर्बीण बांधणीच्या कार्यशाळा घेतल्या आहेत; १९४४ पासून कार्यरत असलेली पुण्याचीच ज्योतिर्विद्या परिसंस्था नवख्यांना मार्गदर्शन करते. खरेदीआधी अशा मंडळींच्या आकाशदर्शनात एक रात्र घालवली, तर बरेच पैसे वाचतात.

साधनाइतकेच महत्त्व तक्त्याला आहे. 'नासा'च्या होरायझन्स सेवेवर किंवा मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर निरीक्षणस्थळ म्हणून नगरचे अक्षांश १९.१ उत्तर आणि रेखांश ७४.७ पूर्व भरावेत. लघुग्रह जवळ असला, की पुण्याहून आणि नगरहून तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित वेगळ्या जागी दिसतो. जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवायला विसरू नये. ही चूक अनुभवी मंडळींकडूनही होते.

सावेडीतील पथदिवे आणि दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब हे निरीक्षणाचे दोन शत्रू. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधीच गच्चीवर ठेवून निववावी. मंद लघुग्रहासाठी शहराच्या उत्तरेस डोंगरगण, गोरक्षनाथ गडाच्या बाजूला गेलेले चांगले.

पुढील तारखा मात्र नगरकरांची परीक्षा पाहणाऱ्या आहेत. ७ ऑगस्ट २०२७ रोजी '१९९९ एएन१०' सुमारे ३ लाख ९० हजार किलोमीटरवरून, तर २६ जून २०२८ रोजी '२००१ डब्ल्यूएन५' सुमारे २ लाख ४९ हजार किलोमीटरवरून जाईल. दोन्ही द्विनेत्रीच्या आवाक्यातले, आणि दोन्ही ऐन पावसाळ्यात. पर्जन्यछायेतील नगरला पाऊस हुलकावणी देतो. ढग देत नाहीत. त्यानंतर येईल अपोफिस. २००४ मध्ये सापडलेला हा लघुग्रह भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास भूपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवर असेल आणि तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळेल. त्याच्या पूर्ण तेजाचा लाभ युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियाला होईल. भारतातून तो त्याआधीच्या तासांत, काहीसा मंद असताना पाहावा लागेल. त्या रात्री तिपाईवरची द्विनेत्री पुरेशी ठरेल, आणि एप्रिलात आकाशही बहुधा निरभ्र असते.