रानपिंगळा आणि भिंतीवरचा कोळी

पवनेकाठच्या थेरगावात शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींच्या उन्हातल्या भिंतींवर जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, उड्या मारत चालणारा कोळी सहज आढळतो. प्लेक्सिपस पेकुली हे त्याचे शास्त्रीय नाव. याउलट सातपुड्यातील रानपिंगळा हा सुमारे २३ सेंटिमीटरचा छोटा घुबड एकेकाळी नामशेष मानला गेला होता. आकाराने व कुळाने इतके दूर असलेल्या या दोन जीवांत एक साम्य आहे. दोघेही प्रामुख्याने दिवसा, दृष्टीच्या बळावर शिकार करतात.

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळवते. कोळ्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांची भिंगे स्थिर असतात. मात्र आतील दृष्टिपटल स्नायूंमुळे हलते. उरलेले सहा डोळे आजूबाजूची हालचाल टिपतात. हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. दबा धरून तो भक्ष्यावर झेप घेतो. रानपिंगळाही फांदीवर टपून बसतो आणि सरडे, उंदीर, कीटक पकडतो.

रानपिंगळ्याचे शास्त्रीय नामकरण १८७३ साली ह्यूम यांनी केले. १८८४ मध्ये डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर तो दिसेनासा झाला. मधल्या काळात माइनरट्झहॅगन यांनी १९१४ सालचा म्हणून नोंदवलेला गुजरातमधील नमुना बनावट असल्याचे पुढे सिद्ध झाले. जुन्या, अस्सल नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, किंग व अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ हा पक्षी आढळला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे मेळघाट आणि तानसा येथेही त्याची नोंद झाली. तरीही तो आज संकटग्रस्त आहे.

दोघांच्या नशिबातील हा फरक शिकारीच्या कौशल्याचा नाही, निवाऱ्याचा आहे. कोळ्याला माणसाची भिंत आणि दिव्याभोवती जमणारे कीटक पुरेसे होतात. रानपिंगळ्याला विरळ सागवानी वन आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. भिंत काही महिन्यांत उभी राहते. ढोली तयार होण्यास झाडाचे वय खर्ची पडते. म्हणूनच पुन्हा सापडलेला हा पक्षी टिकवायचा, तर जुनी झाडे राखणे अपरिहार्य आहे.