गुन्हा दाखल झाल्यावर तो रद्द कधी होतो?

पोलिसांत गुन्हा नोंदला गेला की खटला शेवटपर्यंत चालतोच, असे नाही. कायद्याच्या प्रक्रियेचा गैरवापर होत असेल तर उच्च न्यायालय तो मध्येच थांबवू शकते. हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे.

औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी दिलेला निकाल याचे ठळक उदाहरण आहे. तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल होते: पर्यटक व्हिसावर येऊन मशिदींत राहिले, धर्मप्रसार केला, करोना पसरवला. धार्मिक स्थळांना भेट देण्यावर व्हिसाच्या नियमांत बंदी नाही आणि संसर्ग पसरवल्याचा प्रथमदर्शनी पुरावाही नाही, असे सांगून खंडपीठाने हे गुन्हे रद्द केले. या परदेशी लोकांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिले. न्या. एम. जी. सेवलीकर यांनी निकालाला संमती दिली, पण काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली. खरे तर गुन्ह्याचे घटकच नव्हते, एवढे कारण पुरेसे होते.

कसोटी भजनलाल प्रकरणातली (१९९०): तक्रारीतला मजकूर जसाच्या तसा खरा धरला तरी गुन्हा होतो का? की तक्रार आकसापोटी आहे? साक्षीदार खरे की खोटे, हे इथे ठरत नाही. ते खटल्यातच ठरते. म्हणूनच २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्याच निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार क्वचितच वापरावा आणि तपास सुरू असताना ‘सक्तीची कारवाई नको’ असे सरसकट आदेश देऊ नयेत, असे बजावले.